शुक्र मनापासून कधी निघाला? तुमचे अनुभव सांगा

कुरआनातला पहिला अध्याय सूरह फातिहा, त्याची सुरुवातच ‘अल्हम्दुलिल्लाह’ने, म्हणजे ‘सगळी स्तुती अल्लाहची’. हाच आपला शुक्र, आभार. दिवसाच्या फर्ज (सक्तीच्या) नमाजच्या 17 रकाती (नमाजच्या फेऱ्या, प्रत्येकीत फातिहा येते) नुसत्या धरल्या तरी तितक्यांदा आपण ते म्हणतो. वर शिंक आली की, जेवण झालं की, कुणी ‘कसे आहात’ विचारलं की. जीभ इतकी सरावते की मन मागं राहतं. माझं तरी राहतं. तुमच्या तोंडून तो शब्द मनापासून कधी निघाला? मोठं काही नको, रोजचंच लिहा.

*

लातूर, 2016 चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, आमच्या गल्लीत टँकर यायला आठ-दहा दिवस लागायचे. अब्बांनी प्रत्येकाला वजूसाठी (नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला) एक छोटा लोटा ठरवून दिला. पैगंबर साहेब एक मुद (साधारण ओंजळभर) पाण्यात वजू करत, हे मदरशात ऐकलेलं होतं. धार हातावर धरली तेव्हा कळलं. खाली घमेलं ठेवायचं, ते पाणी कढीपत्त्याला. पाय धुवायची वेळ यायची तेव्हा लोट्यात दोन बोटं पाणी उरलेलं असायचं, आणि ते पुरायचं. आता पुण्यात असतो, नळाला भरपूर पाणी आहे. तरी मी नळ अर्धाच उघडतो. पहिली धार मनगटावर पडते तेव्हा अल्हम्दुलिल्लाह आपसूक येतं.

*

दोहा. आईचा फोन आला की ‘जेवलास का?’ मी म्हणतो, ‘अल्लाचा शुक्र आहे.’ जेवलो नसलो तरी हेच. काल मात्र रूममेटनं गावाहून सुक्या जवळ्याची चटणी आणली. गरम भाताबरोबर खाल्ली आणि आईला मीच फोन लावला.

*

चिपळूण, जुलै 2021 चा पूर. पाणी उतरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल. माळ्यावरचं कुरआनचं जुजदान (कापडी वेष्टन) कोरडं होतं, ते बघून अम्मी रडली. शेजारच्या काकूंनी खिचडीचं पातेलं पाठवलं होतं. शुक्रान्याच्या दोन रकाती पढायच्या आधी ती पातेलं घासून काकूंकडे गेली. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, ही हदीस (पैगंबरांचं वचन) ती आम्हाला नेहमी सांगते.

*

मला वेगळं सांगायचंय. बाळ पोटातच गेलं तेव्हा भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, ‘शुक्र कर, तू तरी वाचलीस.’ तो शब्दच नकोसा झाला. नमाजनंतर तसबीह (जपमाळ) घ्यायची, 33 वेळा सुब्हानल्लाह व्हायचं आणि पुढच्या 33 अल्हम्दुलिल्लाहवर अडायची. सासूबाई बघत, बोलत नसत. एकदा शेजारी येऊन बसल्या, माझ्या हातातली तसबीह घेतली आणि माझ्या वाटणीचे मणी त्यांनी ओढले. ‘हजरत याकूब पैगंबरसुद्धा मुलासाठी रडून रडून आंधळे झाले होते,’ एवढंच म्हणाल्या.

आता म्हणते. कधी मध्येच थांबते, मग पुन्हा पहिल्या मण्यापासून धरते.