एमजी टीडीच्या प्रतिकृतीला सहज न दिसणारा तिसरा ब्रेक लाइट कसा बसवावा?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. गाडी एमजी टीडीची (१९५० च्या दशकातली ब्रिटिश, उघडी दोन आसनी स्पोर्ट्स कार) प्रतिकृती आहे. बॉडी फायबरची, खाली जुन्या जीपची चासी, १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक चासीला जोडलेलं). मागच्या मडगार्डांवर दोन छोटे गोल दिवे आहेत, प्रत्येकात २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब. दिवे खाली, गुडघ्याच्या उंचीला आहेत. महामार्गावर केळीचा ट्रक मागे चिकटून चालला की त्याच्या केबिनमधून हे दिवे दिसणं कठीण.

तिसरा ब्रेक लाइट उंचावर हवा आहे, पण गाडी उभी असताना तो दिसायला नको, नाहीतर गाडीचं रूपच जातं. १२ व्होल्टची लाल एलईडी पट्टी आणली आहे, मागे चिकटपट्टी असलेली, ३० सेंमी. ती स्टेपनीच्या वरच्या कडेला चिकटवून उजव्या दिव्याच्या ब्रेकच्या वायरला जोडली तर चालेल का? रिले (जास्त करंट जोडणारा, विजेवर चालणारा वेगळा स्विच) लागेल का?

आणखी एक. रात्री पार्किंगचे दिवे बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे बल्ब मिणमिणतात आणि ब्रेकचे दिवेही मंदच वाटतात. याचा काही संबंध आहे का?

वायरिंगवाला_धुळे
संबंध आहे भाऊ, आणि आधी तेच काम करा. पट्टी दोन दिवस बाजूला ठेवा.

पत्र्याच्या गाडीत दिव्याला अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, बॉडीतून मिळतो. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून चासीपर्यंत वेगळी वायर लागते. ती सैल किंवा गंजलेली असली की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट परतायला दुसरी वाट शोधतो. त्याच बल्बच्या पार्किंग फिलामेंटमधून उलटा जाऊन तो पार्किंगच्या वायरीत शिरतो आणि डॅशबोर्डच्या बल्बांतून अर्थला पोचतो. तुमचे बल्ब मिणमिणतात ते त्यामुळे.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला (वायर अपुरी पडली तर जोडून लांब करा), लाल प्रोब दिव्याच्या होल्डरच्या धातूला. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि आकडा इथे टाका. ०.२ च्या आत हवा.

तापीकाठ
उजवीकडे ४.२, डावीकडे ४.१. इंजिन बंद, ब्रेक दाबलेला असताना बॅटरी १२.४.

वायरिंगवाला_धुळे
म्हणजे अर्थच ४ व्होल्ट खातोय. १२.४ मधून ते गेले की बल्बला उरतात जेमतेम ८. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो. ८ व्होल्टवर मूळ प्रकाशाचा साधारण पाव भागच मिळतो. तिसरा दिवा याच अर्थला जोडला असता तर तोही मेलेलाच पेटला असता.

दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखा आहे, त्यामुळे बिघाड दोघांच्या सामायिक वायरीत किंवा तिच्या चासीकडच्या टोकाला असणार. २.५ चौ.मिमी.ची नवी काळी वायर घ्या. दोन्ही होल्डर तिला जोडून चासीवर एकाच ठिकाणी आणा. तिथला रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा. ६ मिमीचा बोल्ट, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), दातेरी वॉशर घालून आवळा, मग वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी लावू नका. चासी ते बॅटरीची जाड पट्टीही तपासा. होल्डरच्या आतली गंजलेली स्प्रिंग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

आता तिसरा दिवा. एलईडी जेमतेम ०.२ ते ०.३ अँपिअर घेते. रिले नको, ०.७५ चौ.मिमी. वायर पुरते. २१ वॅटचा तिसरा बल्ब लावला असता तर आणखी १.७५ अँपिअर त्याच जुन्या ब्रेक स्विचमधून गेले असते, तेव्हा रिले लागला असता. ब्रेकची वायर चिमटा कनेक्टरने टोचू नका. त्याची पात काही तारा कापते आणि वर्षभरात तिथेच हिरवा गंज चढतो. वायर कापून क्रिम्प करा (धातूच्या नळीत टोकं घालून पकडीने दाबा), वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी). जोडाजवळच २ अँपिअरचा इनलाइन फ्यूज टाका, म्हणजे एलईडीत शॉर्ट झाला तरी मूळचे दोन दिवे चालू राहतील. एलईडीचा अर्थ नव्या बोल्टवर वेगळा आणा. साधी पीव्हीसी टेप मात्र वापरू नका. जळगावनं ऊन शे भाऊ, मे महिन्यात तिचा गोंद पाघळून टेप आपोआप उलगडते.

अमळनेर_फायबर
जागेबद्दल आणि पट्टीबद्दल सांगतो.

सजावटीची पट्टी गाडीला लावू नका. तिच्यात तीन लाल एलईडी आणि एक रेझिस्टर ओळीत असतात. तीन एलईडी मिळून ६ व्होल्ट घेतात, उरलेले ६ रेझिस्टरवर. गाडी चालू असताना आल्टरनेटर १४.४ देतो, म्हणजे रेझिस्टरवर ८.४ येतात आणि करंट थेट ४० टक्के वाढतो. त्यात उन्हाने तापलेली बॉडी. एकेक तुकडा विझत जातो आणि बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. मोटारीसाठीच बनवलेला, १० ते ३० व्होल्ट आणि आयपी६७ (धूळ-पाणी आत जात नाही अशी खूण) लिहिलेला एलईडी बार घ्या. भिंगावर एस३ अशी खूण मिळाली तर उत्तम. ती खूण मधल्या उंच ब्रेक लाइटसाठीच असते.

काळपट अ‍ॅक्रिलिकखाली लपवायचा मोह होईल, पण ते निम्मा प्रकाश गिळतं आणि दुपारी दिवा दिसत नाही. लपवायचं ते जागेने लपवा. स्टेपनीच्या ब्रॅकेटवर, टायरच्या माथ्यापासून बोटभर वर, काळ्या घडीच्या हूडसमोर (कापडी छपरासमोर) १ सेंमी जाडीचा काळ्या चौकटीचा बार ठेवला तर विझलेला असताना तो हूडचीच कड वाटतो.

इथे हटकून होणारी चूक म्हणजे कोन. टीडीची मागची टाकी तिरकी, स्टेपनी तिच्याबरोबर मागे रेललेली. बार त्या उतारावर सपाट बसवला की प्रकाश आभाळात जातो. १० अंशांचा तिरकेपणा २० मीटरवर साडेतीन मीटर वर फेकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलची पाचर कापून बार उभा, रस्त्याला काटकोनात आणा. बॉडीला भोक न पाडता रबर लावलेल्या क्लॅम्पने ब्रॅकेटलाच धरा. वायर ब्रॅकेटच्या खालच्या अंगाने आणली की दिसत नाही.

आत वायर न्यायला एक भोक पाडावंच लागेल. जागेवर मास्किंग टेप लावा, ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत, कडक वरचा थर) कोरून घ्या, मग सुलटं, कमी वेगाने, दाब न देता. सरळ घुसवलं की जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, आणि त्या रंगातून पुढे सरकत राहतात. भोकात रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून बसवायची कडी) आणि न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं.

चाळीसगाव_घाट
कन्नडच्या घाटासाठी ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारं मॉड्यूल जोडलं तर जास्त लक्ष जाईल ना?

वायरिंगवाला_धुळे
नको दादा. घाटात ब्रेक वारंवार लागतो. मागच्याला तो इंडिकेटर वाटतो किंवा गाडी बंद पडून हॅझर्ड लावल्यासारखं वाटतं. ब्रेक लाइट स्थिर लालच हवा. एलईडीचा खरा फायदा वेगळा आहे: फिलामेंट तापून उजळायला साधारण पाव सेकंद घेतो, एलईडी लगेच पेटते. ८० च्या वेगाला पाव सेकंद म्हणजे साडेपाच मीटर.

पण स्विच उशिरा लागत असेल तर हा फायदा गेला. जुन्या जीपला मास्टर सिलिंडरपाशी (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) प्रेशर स्विच असतो. लाइनमध्ये दाब आल्याशिवाय तो जोडत नाही, हलक्या पायाला दिवा पेटतच नाही. तापीकाठ, तुमच्याकडे तोच असेल तर पेडलवर दांडीचा साधा स्विच बसवा, पेडल ५ ते १० मिमी हललं की लागेल असा. जुना प्रेशर स्विच काढू नका, नुसती वायर सोडवा आणि तिची टोकं श्रिंक ट्यूबने बंद करा. तो काढला तर ब्रेक ऑइल गळेल आणि सगळ्या लाइनमधून हवा काढत बसावं लागेल.

तापीकाठ
अर्थ नवीन केला. आता दोन्हीकडे ०.१. डॅशबोर्डचं मिणमिणणं बंद. बार बसवून दुपारी १ वाजता, ऊन मागून असताना, ३० मीटरवरून बघायचं ठरवलं आहे. बरोबर ना?

अमळनेर_फायबर
बरोबर. एकदा उभं राहून आणि एकदा ट्रकच्या केबिनच्या उंचीवरून, म्हणजे शिडीवर चढून बघा. खालून उजळ आणि वरून मंद दिसला तर पाचर थोडी घासा.