अनुभव धागा: वृद्धाश्रमातल्या खोलीत गाण्यांचा ब्लूटूथ स्पीकर

आई-वडील, आजी, आत्या, सासरे, घरातलं कुणीही वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये असेल आणि त्यांच्या खोलीत गाण्यांसाठी बिनवायरचा स्पीकर ठेवायचा घाट तुम्ही घातला असेल, तर इथे सविस्तर लिहा. कुठला स्पीकर भारी, ही चर्चा नको, ती दुकानदार करतातच. घेतल्यानंतर तिथे काय झालं ते हवंय. खोलीत आणखी कोण आहे, बटण कोण दाबतं, नेट मिळतं का, कुणी कुरकुर केली का.

सुरुवात मीच करते. सासरे ठाण्याजवळच्या एका केअर सेंटरमध्ये आहेत, पार्किन्सन्स. बोट थरथरतं, त्यामुळे टचस्क्रीनवर एकदा दाबायचं ते तीनदा दाबलं जातं. नुसता ब्लूटूथ स्पीकर ठेवला तर त्याला फोन हवा, आणि फोन माझ्यासोबत घरी येतो. मग मागे उरतो तो मुका डबा. नवऱ्याचा जुना फोन तिथेच ठेवून पाहिला. तो चार्ज करणं, त्याचं अपडेट, मध्येच येणारे मेसेज, हे सगळं कुणी बघायचं? शेवटी सारेगामाचा कारवां आणला, रेडिओसारखी दिसणारी गाण्यांची पेटी. हिंदीच्या पेटीत पाच हजार गाणी आतच भरलेली असतात, नेट लागत नाही, आणि दाबण्यापेक्षा गोल चकती फिरवणं बाबांना जमतं. ब्लूटूथ त्यातही आहे, पण ते आम्ही भेटायला गेलो की नातवाच्या शाळेतलं रेकॉर्डिंग ऐकवण्यापुरतं.

आता तुम्ही.

कोल्हापूर, नातू

आज्जीला तयार पेटीतली गाणी नको होती. तिला तिच्या भजनी मंडळाची भजनं पायजेत, ती आमच्याकडे जुन्या कॅसेटवर होती. ती एमपीथ्री करून मेमरी कार्डवर टाकली आणि कार्ड चालणारा साधा स्पीकर घेतला. एक गोष्ट ध्यानात ठेवा: असले स्वस्तातले बरेच स्पीकर फाइली नावाच्या क्रमानं वाजवतच नाहीत. कार्डवर ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्या क्रमानं वाजवतात. सगळं फोल्डर एकदम ओढून टाकलं की सकाळी शेजारती आणि रात्री काकड आरती! मी फाइलींना 001, 002 असे आकडे दिले, कार्ड फॉरमॅट केलं आणि एकेक करून त्याच क्रमानं कॉपी केलं. आता गाडी सरळ चालते.

दुसरं, बटणं. स्पीकरवर पाच होती. आज्जीला लागतं एकच. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, बाकीच्यांवर काळी चिकटपट्टी. आवाज आश्रमातल्या मावशी ठरवतात.

रत्नागिरी, मुलगी

आमच्याकडचा आश्रम जुन्या घरात आहे, भिंती जांभ्याच्या, चांगल्या हातभर जाड. खोक्यावर दहा मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेत. फोन ऑफिसात आणि स्पीकर आईच्या खोलीत, असं ठेवलं तर दाराशी कुणी उभं राहिलं तरी गाणं तुटायचं. ब्लूटूथ चालतं त्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय आणि मायक्रोवेव्हही असतात, त्यामुळे जेवण गरम करायच्या वेळी आणखी खरखर. आता फोन आणि स्पीकर एकाच खोलीत, एकाच फळीवर. भिंतीपलीकडून चालवायचा हट्ट सोडून दिला.

वीज गेली की वायफाय जातं, हे कोकणातल्यांना सांगायला नकोच. गाणी फोनमध्ये उतरवूनच ठेवा.

पुणे, मी इथे नातेवाईक म्हणून नाही, सिस्टर म्हणून लिहितेय

मी एका डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) केअरमध्ये आहे. मुलं-मुली स्पीकर घेऊन येतात, आम्हाला दहा मिनिटांत दाखवतात आणि जातात. दाखवतात ते दिवसपाळीच्या मावशीला. रात्रपाळीची मावशी वेगळी, रविवारची तिसरीच. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते: मराठीत, मोठ्या अक्षरांत, तीन ओळी लिहून भिंतीला लावा. सुरू कसा करायचा, बंद कसा करायचा, चार्जर कुठे आहे. चौथी ओळ लिहाल तर कुणी वाचणार नाही.

मग तो बोलणारा स्पीकर. चालू केला की कुठूनतरी एक परकी बाई इंग्रजीत ‘पेअरिंग’, म्हणजे फोन जोडतेय, असं म्हणते. आमच्या एक आजी त्या बाईला शोधायला पलंगाखाली वाकल्या होत्या. पडल्या असत्या तर? बऱ्याच स्पीकरमध्ये हा आवाज बंद करता येतो, पुस्तिका बघा. रात्री लुकलुकणारा निळा दिवाही झाका.

पेअरिंग सगळ्यांना उघडं ठेवू नका. शेजारच्या खोलीतल्या आजोबांचा नातू आला, त्याच्या फोनने आमच्या आजींचा स्पीकर धरला आणि दुपारच्या झोपेच्या वेळी डीजे सुरू. त्या मुलाला तर पत्ताच नव्हता, तो आपल्या फोनचा आवाज वाढवत बसला होता.

आवाजाबद्दल. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, आणि स, त, फ अशी व्यंजनं कळतात ती त्यांच्यावरून. म्हणून आजी म्हणतात, ‘आवाज येतोय, शब्द कळत नाहीत.’ मग मुलगा आवाज वाढवतो आणि धमधम तेवढी वाढते. बेस कमी करा, स्पीकर कानाच्या उंचीवर, समोर, दोन-तीन हातांवर ठेवा. कपाटावर ठेवू नका. श्रवणयंत्र असेल तर ज्यांनी यंत्र बसवलं त्यांना गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम आहे का विचारा. नेहमीचं सेटिंग बोलण्यासाठी केलेलं असतं, त्यात तानपुरा विचित्र ऐकू येतो.

कुठली गाणी? साधारण दहा ते पंचविसाच्या वयात ऐकलेली. हिशेब करा. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेली व्यक्ती 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा शाळेत होती. तुमच्या लहानपणची गाणी ही त्यांची नव्हेत, त्यांच्या धकाधकीच्या वर्षांतली आहेत. आणि एखादं गाणं लागलं की कुणी रडायला लागलं, तर लगेच बंद करायला धावू नका, चेहरा बघा. काही रडणं त्यांना हवं असतं. पण हात झटकणं, कान झाकणं, उठून दाराकडे जाणं दिसलं तर ताबडतोब बंद. संध्याकाळी त्यांची घालमेल वाढते, तेव्हा गाणं मंद ठेवा नाहीतर नकोच. दिवसभर सतत लावूनही ठेवू नका, त्याचा गोंगाट होतो.

अंघोळीला नाही म्हणणाऱ्यांना मात्र आधी त्यांचं ठरलेलं गाणं लावलं की आमचं काम निम्मं होतं.

जाळीचं कापड असलेला स्पीकर आणू नका. आम्हाला तो पुसता येत नाही.

लेस्टर, इंग्लंड, मुलगा

आई इथल्या केअर होममध्ये आहे. विजेवर चालणारी कुठलीही वस्तू आत न्यायची तर तिची विद्युत तपासणी करून चिकटी लावून घ्यावी लागते, म्हणून भारतातून आणलेला चार्जर बाहेरच राहिला. इथल्या तीन पिनांचा घेतला. पाहुण्यांचं वायफाय आहे, पण ते जोडताना आधी एक पान उघडतं आणि ‘मान्य’ दाबावं लागतं. स्पीकरला पान कुठून दिसणार? वायफायवर चालणारा हुशार (स्मार्ट) स्पीकर तिथे बसवताच आला नाही. स्वतंत्र सिमकार्डचा छोटा राउटर ठेवला तेव्हा जमलं.

त्या हुशार स्पीकरला इंग्रजी येतं, हिंदी येतं. आईला आता मराठीच उरलंय, इंग्रजी गळून गेलं. त्यामुळे ती त्याच्याशी बोलत नाही, मी इथून ॲपमधून गाणी लावतो. केअररला मराठी येत नाही, म्हणून याद्यांना ‘मॉर्निंग’, ‘लंच’, ‘कामिंग’ (मन शांत करणारी) अशी नावं दिलीत. कामिंगमध्ये ओव्या आहेत. केअररही त्या गुणगुणते, अर्थ माहीत नसताना.

एक इशारा. अशा स्पीकरमध्ये दुरून थेट बोलायची, खोलीतलं ऐकायची सोय असते. आईची खोली एकटीची आहे तरी मी ती बंद केली. तिचे कपडे बदलताना मी ऐकत असणं बरं नाही, आणि केअरर लोकांनाही त्याचा संकोच वाटतो.

मडगाव, सून

खोली दोघींची. सासूबाईंना नाट्यगीतं, शेजारच्या पलंगावरच्या आंटींना मांडो (गोव्याची कोंकणी गाणी) आणि संध्याकाळची प्रार्थना. पहिल्या आठवड्यात अबोला. मग व्यवस्थापिकेने वेळा वाटून दिल्या: सकाळ आमची, दुपारनंतरचा वेळ आंटींचा. हेडफोन सुचवले होते, दोघींनीही फेकून दिले. कानावर काही घातलं की सासूबाईंना कुणी हाक मारल्याचं कळत नाही, आणि त्याचीच त्यांना भीती. मागच्या वेळी गेले तर सासूबाई मला म्हणाल्या, ‘आंटीचा तो दुसरा मांडो लाव गो.’

नागपूर

छोटंसंच. वडिलांना पेसमेकर आहे अन् त्यांना स्पीकर छातीवर ठेवून ऐकायची सवय होती. स्पीकरमध्ये चुंबक असतो, आणि तो पेसमेकरच्या कामात अडथळा आणू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2021 मध्ये मोबाइल आणि स्मार्टवॉचबद्दल सहा इंच, म्हणजे 15 सेंटीमीटर अंतर सांगितलं आहे. आमच्या डॉक्टरांनी स्पीकरलाही तोच नियम लावायला सांगितला. आता तो पलंगाच्या कठड्याला बांधलाय. पडतही नाही, हरवतही नाही.

डोंबिवली, मुलगा

सगळे गाण्यांचं लिहितायत म्हणून हे. आमचे दादा, म्हणजे वडील, आयुष्यात कधी गाण्याच्या वाटेला गेले नाहीत. आम्ही मारे हौसेने जुनी भावगीतं भरली, ते म्हणाले, ‘हे बंद करा आणि बातम्या लावा.’ आता तो स्पीकर फक्त रेडिओ म्हणून वापरतात. सातच्या मराठी बातम्या, मग विविध भारती, तेही मधलं बोलणं ऐकायला. आतली गाणी पुसून टाकली. एफएम खरखरत असेल तर चार्जिंगची वायर लावून बघा, कित्येक छोट्या स्पीकरमध्ये तीच अँटेना असते.

सोलापूर

कोल्हापूरकर, कार्ड किती जीबीचं घेतलं? माझ्या स्पीकरला 64 चं दिसतच नाही.

कोल्हापूर, नातू

32 चं घ्या. त्यापेक्षा मोठी कार्डं दुकानातून एक्सफॅटमध्ये (कार्डवर फाइली ठेवायची एक पद्धत) फॉरमॅट होऊन येतात, साध्या स्पीकरला ते वाचता येत नाही, त्याला फॅट32 लागतं. आणि दोन कार्डं सारखीच भरा. एक आश्रमाच्या ऑफिसात पाकिटात ठेवून द्या, कारण ही नखाएवढी वस्तू चादरीबरोबर धुलाईला जाते.