पिकअपमागं जनरेटरची ट्रॉली झोला मारते, तातडीनं मदत हवी आहे

उद्यमनगर_मंडप:
आमचा मंडपाचा धंदा आहे. पिकअपला जनरेटरची ट्रॉली जोडली की पन्नासच्या पुढं ती डावी-उजवीकडं झोला मारते. हिसका पार स्टेअरिंगपर्यंत येतो. काल बालिंग्याच्या पुढं पोरगं घाबरून गाडी कडेला घेऊन बसलं. रविवारी गगनबावड्याला लग्नाची ऑर्डर आहे. काय करू?

रंकाळा_०९:
पिकअप कुठली? ट्रॉली दोन चाकी की चार चाकी? जनरेटर केवढा? काहीच सांगितलं नाही दादा.

शिरोली_नाका:
टायर बदला. माझ्या ट्रॉलीला रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) होते, नवीन घातले आणि झोला बंद. बाकी कुणाचं ऐकू नका.

कसबा_बावडेकर:
ट्रॉलीचं पासिंग आणि विमा आहे का? लायसनची काळजी करू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर चालते.

उद्यमनगर_मंडप:
लायसनचं मी विचारलंच नाही. दीड टनी पिकअप, दोन चाकी ट्रॉली, १५ केव्हीए सायलेंट. टायर नवेच आहेत.

जुना_फिटर:
जनरेटर चाकांच्या मागं बसवलाय का?

उद्यमनगर_मंडप:
हो, थोडा मागंच. पुढं केबलचे ड्रम आणि डिझेलचे कॅन ठेवायला जागा सोडलीय. जाताना ते पिकअपच्या हौद्यात असतात.

जुना_फिटर:
मग दुखणं तिथंच आहे. मागं वजन जास्त झालं की ट्रॉलीचं तोंड हूकला वर उचलतं आणि शेपूट मोकळं सुटतं. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हूकवर यायला पाहिजे. टनभर असेल तर शंभर-दीडशे किलो. ट्रॉली सपाट जागी सोडा, तोंडाखाली प्लॅटफॉर्म काटा ठेवा आणि हूकच्याच उंचीला मोजा. कमी भरलं तर चेन कप्पी लावून जनरेटर पुढं सरकवा.

शिरोली_नाका:
एवढा खटाटोप कशाला? झोला सुरू झाला की रेस द्यायची, ट्रॉली सरळ होते.

जुना_फिटर:
उतारावर असलं करू नका हो, जीव जाईल. रेस सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, कचकन ब्रेक मारू नका. घाटात वरूनच खालचा गिअर टाकून उतरायचं.

तांबडा_पांढरा:
गगनबावड्यात कार्यालय कुठलं? पुतणीसाठी बघतोय.

उद्यमनगर_मंडप:
जनरेटर वीतभर पुढं घेतला. कळ्यापर्यंत जाऊन आलो, साठला पण शांत चालली. फिटरदादा, लई उपकार झाले! पण आता पिकअप मागं बसल्यासारखी दिसते. स्प्रिंगचे पाटे वाढवू का?

शिरोली_नाका:
वाढवा. माझ्या गाडीला दोन वाढवलेत.

जुना_फिटर:
थांबा. हूकवर किती किलो भरलं, ते आधी सांगा. आणि केबलचे ड्रम हौद्यात पार मागं ठेवलेत का?