मिठाच्या ताणातली कॅल्शियमची उसळी लँथॅनमने का थांबत नाही?

पर्णरंध्र:
अ‍ॅरॅबिडॉप्सिसची (प्रयोगशाळेतली एक छोटी वनस्पती) एक्वोरिनवाली, म्हणजे कॅल्शियम लागलं की चमकणारं प्रथिन असलेली, आठवडाभराची रोपं एमएस माध्यमात (रोपं वाढवायचं क्षारांचं द्रावण) आहेत. १५० मिलीमोलर मीठ दिलं की ल्युमिनोमीटरवर (प्रकाश मोजणारं यंत्र) पेशीद्रव्यातल्या कॅल्शियमची उसळी लगेच दिसते. ती बाहेरच्या कॅल्शियमची की रिक्तिकेतल्या (पेशीच्या आतली साठवणीची पिशवी), हे बघायला आधी कॅल्शियमच्या वाहिन्या अडवणारं १ मिलीमोलर लँथॅनम क्लोराइड दिलं. माध्यम दुधाळ झालं, उसळी तशीच. बाहेरचं कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या ५ मिलीमोलर ईजीटीएनेही फारसा फरक नाही. म्हणजे कॅल्शियम आतूनच येतंय का?

मूलरोम:
एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. दुधाळपणा हा लँथॅनम फॉस्फेटचा साका आहे. एमएसमध्ये फॉस्फेट १.२५ मिलीमोलर असतं, त्यामुळे मोकळं लँथॅनम जवळपास उरलंच नाही. ईजीटीएचं दुखणं वेगळं. पीएच एका अंकाने उतरला की त्याची कॅल्शियमवरची पकड साधारण शंभरपट सैल होते, आणि तुमचं माध्यम ५.७ च्या आसपास असणार. त्यात एमएसमध्ये कॅल्शियमच ३ मिलीमोलर! शिवाय कॅल्शियम धरताना ईजीटीए प्रोटॉन सोडतं, म्हणजे पीएच अजून खाली. त्याच कामाचं बाप्टा वापरा, आम्लात ते बरंच चांगलं टिकतं. रोपं फॉस्फेट नसलेल्या साध्या द्रावणात हलवा: १ मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड, ०.१ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, आणि पीएच स्थिर ठेवायला एमईएस बफर. हलवल्याच्या धक्क्यानेही कॅल्शियम चढतं, ते निवळू द्या.

पेशीभित्तिका:
उसळी कमी झाली तरी घाई नको. लँथॅनम फक्त कॅल्शियमच्या वाहिन्या अडवत नाही. सोडियम ज्या धन-आयन वाहिन्यांतून आत शिरतं, त्याही बंद होतात. मग कमी काय झालं, कॅल्शियमची वाट की सोडियमचा ताणच? म्हणून ३०० मिलीमोलर सॉर्बिटॉलचा (सोडियम नसलेलं, पण मिठाइतकंच पाणी ओढणारं) तुलनेसाठीचा नियंत्रण-प्रयोग हवाच, आणि नुसतं पाणी टोचण्याचाही. पेशीद्रव्यात मोकळं कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर, भित्तिकेत आणि रिक्तिकेत त्याच्या हजारो पट. एवढ्या उतारावर पिपेटचा धक्कासुद्धा उसळी काढतो.

पर्णरंध्र:
त्याच रोपाला दुसऱ्यांदा मीठ दिल्यावर उसळी लहान येते. रोप सरावतं का?

मूलरोम:
आधी एक्वोरिन संपलंय का ते बघा. एकदा चमकलेला रेणू नवं सीलेंटेराझिन (एक्वोरिनला प्रकाशासाठी लागणारा जोडीदार रेणू) मिळेपर्यंत पुन्हा चमकत नाही. प्रत्येक रोपाच्या सगळ्या मोजणीच्या शेवटी २० टक्के इथेनॉलमधलं २ मोलर कॅल्शियम क्लोराइड समान आकारमानाने घालून उरलेला सगळा प्रकाश काढून घ्या, आणि प्रत्येक क्षणाचा प्रकाश त्या वेळी शिल्लक असलेल्या एकूण प्रकाशाने भागा. हा भागाकार केल्यावरही दुसरी उसळी लहान राहिली, तरच सरावाचा विचार करा.