अकरा प्लसचा निकाल आला की मुलांचे गुण ग्रुपवर टाकू नयेत

आयल्सबरीकर

अकरा प्लस म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रामर शाळांची, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांची, प्रवेश परीक्षा. तिचा बकिंगहॅमशायरचा निकाल आता कधीही येईल, केंटचाही त्याच सुमारास. घरोघरी काय चाललंय ते मला माहीत आहे, कारण माझ्याही घरी तेच चाललंय. सप्टेंबरात पेपर झाले, गणपतीच्या आरतीला यंदा इयर सिक्सची, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातली, मुलं फारशी दिसलीच नाहीत, आणि आता आईबाप सारखे ईमेल उघडून बघतायत. ही धाकधूक कुणालाच चुकलेली नाही. तिच्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. माझी मागणी एकच आहे: यंदा आपल्या मराठी मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर कुणीही मुलाचे गुण टाकू नयेत. 'पास झाला' एवढंही नको.

गेल्या वर्षी निकाल आला त्या संध्याकाळी पहिला स्क्रीनशॉट पडला आणि रात्रीपर्यंत नुसता अभिनंदनाचा पाऊस. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीला थोडे गुण कमी पडले होते. शाळेचा आठवडा संपला की शुक्रवारी संध्याकाळी तिला निवांत जवळ बसवून सांगायचं, असं तिच्या आईबाबांनी ठरवलं होतं. मुलीला ते दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत कळलं. मंडळातल्याच एका मुलाने सांगितलं, 'तुझ्या आईने काही टाकलं नाही, म्हणजे तू गेलीस.' त्या मुलाचा दोष नाही. त्याने घरात जे ऐकलं तेच तो बोलला.

आणि हे आकडे मुळात शेजारी शेजारी ठेवण्यासारखेच नाहीत. आपल्याकडे बकिंगहॅमशायरमध्ये पात्र ठरायला १२१ लागतात, स्लाऊच्या चार ग्रामर शाळांना १११. म्हणून तिकडचं सोपं असं होत नाही. पेपर वेगळा, मोजपट्टी वेगळी. आपल्याकडे निम्मं वजन शाब्दिक तर्काला, पाव गणिताला, पाव आकृत्यांना. त्यात वयाचा हिशेब. सप्टेंबरात जन्मलेलं मूल आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेलं मूल एकाच वर्गात बसतं, जवळजवळ वर्षाचा फरक, म्हणून गुण वयाप्रमाणे जुळवून घेतात. ग्रुपवर १२४ आणि १३१ खालीवर दिसले की यातलं काहीच दिसत नाही. कोण पुढे गेलं तेवढंच दिसतं.

परवा जेवताना मुलाने विचारलं, 'मी पास नाही झालो तर नाशिकच्या आजीला कोण सांगणार, तू की बाबा?' पुढे कुठली शाळा मिळेल, मित्र कुठे जातील, यातलं काही त्याने विचारलेलं नाही. त्याला काळजी आहे ती लोकांना कळण्याची, आणि ही काळजी त्याच्या डोक्यात आपण मोठ्यांनी घातली आहे.

स्लाऊकर

ताई, तळमळ पोचली. तरी मला हे पटत नाही.

पहिली गोष्ट, कौतुकाची. मुलाने क्रिकेटमध्ये पन्नास केल्या तर फोटो टाकतो, मुलीने गणेशोत्सवात लावणी केली तर व्हिडिओ टाकतो. वर्षभर शनिवार-रविवार घासलेल्या मुलाला शाबासकी द्यायची वेळ आली की गप्प बसायचं? ज्याला यश मिळालं त्यानेच अंग चोरायचं, हे त्या मुलाला काय शिकवतं?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा मुलगी चौथीत होती आणि ग्रामर शाळा म्हणजे व्याकरण शिकवतात का, इथपासून आमची तयारी. पास होणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे, हे मला कुठल्या सरकारी पानावरून उमगलं नाही. या ग्रुपवर उमगलं. पात्र मुलं जागांपेक्षा जास्त असली की घराचं अंतर बघतात, भावंडं बघतात, कुठे गुणांचा क्रम लावतात. कुठल्या पत्त्यावरच्या कुणाला किती गुणांवर कुठली शाळा मिळाली, ते मागच्या लोकांनी मोकळेपणाने लिहिलं म्हणून आम्ही ३१ ऑक्टोबरच्या आत माध्यमिक शाळांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म नीट भरू शकलो. निकाल आणि फॉर्मची तारीख यांत उणेपुरे दोन-तीन आठवडे असतात. तेवढ्यात हा ग्रुप मुका झाला तर हीच माहिती शिकवणीवाले पैसे घेऊन विकतील. आपल्यासारख्यांना इथे मामा-काका नाहीत सांगायला.

मेडवेची मुलगी

तुम्ही दोघं गुण दाखवायचे की झाकायचे यावर बोलताय. परीक्षेवर कुणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

मी इथेच वाढले. माझी मोठी ताई मेडवे टेस्ट, म्हणजे तिकडची अकरा प्लस, पास झाली, मी नाही झाले. ताईच्या वेळी आईने ऑफिसात पेढे नेले होते. माझ्या वेळी भारतातून फोन आला की आई बोलत बोलत दुसऱ्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. कुणी मला एक शब्द वावगा बोललं नाही. पण सकाळी एकाच घरातून आम्ही दोघी दोन वेगळे ब्लेझर घालून निघायचो, बसस्टॉपही वेगळे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला त्या रंगावरून कळायचं की यातली 'हुशार' कोण. पुढे जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचे, गुण चांगले पडले आणि सोळाव्या वर्षी मी त्याच ग्रामरच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गात, गेले. हा दरवाजा असतो, पण निकालाच्या आठवड्यात तो कुणी मुलांना सांगत नाही.

१९४४च्या शिक्षण कायद्यानंतर मुलांना अकराव्या वर्षी चाळायची ही पद्धत देशभर पसरली. १९६५ साली सरकारने सर्वांसाठी एकच शाळा करण्याचं परिपत्रक काढलं आणि बहुतेक जिल्ह्यांनी ती सोडूनही दिली. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आज एकही सरकारी ग्रामर नाही. इंग्लंडमध्ये १६३ उरल्यात आणि १९९८च्या कायद्याने नवी काढायला बंदी आहे. चांगलीच पद्धत असती तर एवढी मोडीत का काढली असती? डरॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की आत घेतलेली मुलं मुळात कोण होती हे लक्षात घेतलं, तर ग्रामरमुळे निकाल काही वेगळे लागत नाहीत. शिकणारी मुलं आधीच वेचून घ्यायची आणि मग शाळेचा निकाल छान म्हणायचं, असं हे आहे.

रेडिंगचा बाबा

संशोधन सरासरीचं असतं, माझा मुलगा सरासरीच्या शाळेत जाणार नाही. तो आमच्या गल्लीला लागून असलेल्या शाळेत जाईल, आणि ती शाळा मी आत जाऊन पाहिली आहे. वर्गात आवाज चढवल्याशिवाय शिक्षकांना बोलताच येत नव्हतं. तिथे पाठवायचं नसेल तर मला पर्याय कुठले? खासगी शाळा? त्यांच्या फीवर जानेवारी २०२५पासून २० टक्के व्हॅट लागला. आम्ही दोघं नोकरी करूनही ते जमणार नाही. चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्हशेजारी, म्हणजे परीक्षा न घेता सर्वांना घेणाऱ्या शाळेशेजारी, घर? त्या घरांच्या किमती बघा. तिथेही चाळणीच आहे, फक्त ती बापाच्या पगाराची आहे. निदान इथे मुलाला स्वतः काहीतरी करता येतं.

आपल्यातले कितीतरी जण स्कॉलरशिप, नवोदय, सीईटी अशा परीक्षांच्या जोरावर गाव सोडून इथवर आले. त्याच आपण आता परीक्षेलाच वाईट म्हणायचं, हे मला बघवत नाही. आणि निकाल लपवण्याबद्दल: मूल आयुष्यभर निकालच ऐकणार आहे. ते ऐकायची सवय घरात लागावी.

मेडवेची मुलगी

सीईटी सतराव्या-अठराव्या वर्षी देतात, दादा. हे दहा वर्षांचं मूल आहे. आणि 'स्वतः काहीतरी करता येतं' ते कुणाला? सटन ट्रस्ट या शिक्षणातल्या विषमतेवर काम करणाऱ्या संस्थेने २०१३ साली मोजलं तेव्हा ग्रामरमध्ये शाळेतलं मोफत जेवण मिळणारी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातली, मुलं तीन टक्क्यांहून कमी होती. तिथेही पगारच आहे, तो शिकवणीतून येतो. तुमच्या गल्लीतली शाळा सुधारत का नाही, यालाही कारण आहे: जे पालक भांडून ती सुधारून घेतील, ते आपापली मुलं घेऊन निघून जातात.

कोल्हापूरचे गुरुजी

सध्या मुलीकडे आलो आहे, नात पुढच्या वर्षी बसणार. मी प्राथमिक शाळेत शिष्यवृत्तीचे जादा तास घेत असे, म्हणून दोन शब्द लिहितो.

नातीची सरावाची पुस्तकं चाळली. आरशातली प्रतिमा, गटात न बसणारी आकृती, सांकेतिक भाषा, क्रम पूर्ण करा. सगळं आपल्या बुद्धिमत्ता चाचणीतलं, फक्त इंग्रजीत. आमच्या शाळेत पहिल्या चाचणीत निम्मेही न मिळवणारी मुलं दिवाळीनंतर भराभर सोडवू लागत. त्यांची बुद्धी दिवाळीत वाढलेली नसे, प्रश्नाचा प्रकार ओळखीचा झालेला असे. त्यामुळे या परीक्षेने उपजत हुशारी कळते, असं मी म्हणणार नाही. ज्याला सराव मिळाला तो पुढे जातो. ज्याला सराव द्यायला घरी कुणी नव्हतं, असा एखादा फार तल्लख मुलगा मागे राहिलेला मी माझ्याच वर्गात पाहिला आहे.

यादीबद्दल. आपल्याकडे दहावी-बारावीची गुणवत्ता यादी लागत असे, पेढा भरवतानाचे फोटो पेपरात येत. बोर्डाने ती यादी बंद केली, त्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळे कुणाचा अभ्यास कमी झालेला नाही. ती यादी आपण फोनवर पुन्हा कशाला सुरू करायची? रेडिंगच्या दादांना एवढंच सांगतो, निकाल ऐकायची सवय लागावी हे बरोबर, पण तो आधी आईबापांच्या तोंडून ऐकू द्या.

केंटवाली

वाद चालू द्या, पण फॉर्मबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते, कारण दर वर्षी कुणीतरी यात फसतं. आपण कुठली शाळा कितव्या क्रमांकावर लिहिली, हे शाळांना कळत नाही. प्रत्येक शाळा आपल्या नियमांप्रमाणे यादी करते आणि जिथे जिथे मुलाला जागा बसते, त्यातली तुमच्या यादीतली सर्वांत वरची मिळते. तेव्हा 'ग्रामर मिळणार नाही बहुतेक, मग खालची शाळाच वर लिहू' असं करू नका. मनापासून हवी ती पहिली. आणि जवळची, खात्रीने मिळेल अशी एक नॉन-सिलेक्टिव्ह, म्हणजे परीक्षेवर मुलं न निवडणारी, शाळा यादीत असू द्याच. ती नसेल तर जिथे जागा उरली असेल तिथे पाठवतात.

थोड्या गुणांनी राहिलेल्यांसाठी: बकिंगहॅमशायरमध्ये निकालानंतर फेरविचारासाठी अर्ज करता येतो. आमच्याकडे मुख्याध्यापकांचं मंडळ निकालाआधीच काही मुलांच्या वह्या बघतं, निकालानंतर राहतं ते प्रवेशाचं अपील. निकालाच्या रात्री कुणाशी भांडायला जाऊ नका, आपापल्या कौन्सिलचे नियम आधी वाचा.

स्लाऊकर

गुरुजी, तुमचं वाचून थोडा थांबलो. कौतुकाबद्दल माझं मत बदललेलं नाही. माझ्या मुलीला पेढा मिळाला, तो तिचा हक्कच होता. पण मला खरी गरज वाटते ती माहितीची, आणि माहितीला मुलाचं नाव लागत नाही, हे कबूल. मार्चमध्ये प्रवेशाची पत्रं आली की एक तक्ता करू या. कौन्सिल, गुण, शाळेपासून अंतर, मिळालेली शाळा. नाव नाही. पुढच्या वर्षीच्या पालकांना तो ऑक्टोबरात हाताशी असेल. स्क्रीनशॉटपेक्षा तो उपयोगी पडेल, कारण आज १२४ पडले म्हणून आनंद केला तरी शाळा कुठली मिळाली ते १ मार्चलाच कळतं.

रेडिंगचा बाबा

तक्ता करा, मी भरीन. पण माझा मुलगा पास झाला तर मी ग्रुपवर लिहिणार. माझ्या आईवडिलांना यातलं काही कळत नाही, इथल्या मित्रांनाच कळतं. आनंद सांगायला दुसरं कोण आहे मला?

आयल्सबरीकर

दादा, तुमची आनंद सांगायची जागा मला हिरावून घ्यायची नाही. ज्यांना कळतं त्या चार मित्रांना फोन करा. मलाही करा, मी मनापासून अभिनंदन करीन. ग्रुपवर दीडशे घरं आहेत आणि त्यातल्या कुणाचं मूल त्या रात्री उशीत तोंड खुपसून झोपलंय, ते लिहिताना तुम्हाला माहीत नसतं. ॲडमिनना माझी विनंती आहे की निकाल येईल तेव्हापासून फॉर्मची तारीख उलटेपर्यंत गुणांचे आणि अभिनंदनाचे मेसेज काढून टाकावेत. शंका, फॉर्म, अपील, यावर हवं तेवढं लिहा.

तक्त्याची कल्पना चांगली आहे. जन्ममहिना मात्र त्यात नको. आपल्या छोट्या गावांत गुण आणि महिना जुळवला की मूल कोण ते लगेच कळतं.

मेडवेच्या ताई, परीक्षा असूच नये हे तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. पण बकिंगहॅमशायरच्या सरकारी शाळेतलं मूल पालकांनी मुद्दाम नाव काढल्याशिवाय या परीक्षेला आपोआप बसतंच. ती बंद होईपर्यंत आमची मुलं मोठी झालेली असतील. हातात आहे तेवढं तरी करू.

मेडवेची मुलगी

मग तक्त्यात एक रकाना माझ्यातर्फे वाढवा. ग्रामरमध्ये न गेलेल्या मुलांना कुठली शाळा मिळाली, आणि वर्षभराने तिथे कसं चाललंय. आयल्सबरीच्या अपर स्कूलमध्ये, म्हणजे तिथल्या नॉन-सिलेक्टिव्ह शाळेत, गेलेलं एखादं मूल आपल्या मंडळातही असेलच. त्यांच्या आईबापांना आजवर कुणी विचारलेलंच नाही.

स्लाऊकर

वाढवतो. तुमची ओळ पहिली लिहू का? शाळेचं नाव नको असेल तर नुसतं 'मेडवे, नॉन-सिलेक्टिव्ह, मग सोळाव्या वर्षी ग्रामर' एवढं टाकतो.

मेडवेची मुलगी

टाका. आणि ताईची ओळ तिला विचारून कळवते.