खोटा आरोप पुढे धाडणाऱ्याचा दोष किती?

तळटीप (धागाकर्ता)

समाजमाध्यमांवर एखाद्यावर आरोप झाला की त्याचे छायाचित्र, नोकरीचे ठिकाण आणि नातेवाइकांची नावे बघता बघता सर्वदूर पोहोचतात. आरोप खोटा निघाला की तो पसरवणारे सगळे हात वर करून मोकळे होतात. खोटे रचणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. मला चर्चा हवी आहे ती ‘खरे-खोटे माहीत नाही, पण सावध असलेले बरे’ एवढी पुस्ती जोडून तोच मजकूर पुढे धाडणाऱ्यांची. त्या पुस्तीमुळे धाडणाऱ्याला आपण जबाबदारीतून सुटलो असे वाटते आणि वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त ‘सावध’ तेवढे राहते.

एप्रिल 2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या वेळी बाँबस्फोट झाले, तेव्हा रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरील हौशी शोधकांनी छायाचित्रे ताडून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवले. तो स्फोटांच्या आधीपासूनच बेपत्ता होता आणि घरच्यांनी त्याच्या शोधासाठी फेसबुकवर एक पान उघडले होते. त्या पानावर इतकी गरळ ओकली गेली की त्यांना ते बंद करावे लागले. स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे त्याचा मृतदेहच सापडला. रेडिटने जाहीर माफी मागितली खरी, परंतु त्या पानावर जाऊन शिव्या लिहिणाऱ्यांच्या वतीने माफी मागणार कोण?

ज्याने आरोप पुढे धाडला, त्याने खुलासाही त्याच लोकांना, स्वतःच्या नावाने धाडला पाहिजे. तो हे टाळत असेल, तर त्याला त्या खोट्यातला भागीदार मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोखठोक

मला हे मान्य नाही. हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्याविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारी वर्षानुवर्षे दबून राहिल्या आणि 2017 मध्ये असंख्य स्त्रियांनी ‘मी टू’ म्हणत आपापले अनुभव उघडपणे लिहिले, तेव्हा कुठे इतर बड्या नावांना जाब विचारला जाऊ लागला. त्यांतल्या प्रत्येकीकडे कागदोपत्री पुरावा कुठून असणार? पुढे धाडणाऱ्यालाच भागीदार ठरवायचे म्हटले, तर टोपणनावाने खोटे लिहिणाऱ्याचे काहीच बिघडणार नाही. तोंड बंद होईल ते पीडितेच्या पाठीशी उभे राहू पाहणाऱ्या भिडस्त माणसाचे.

तळटीप

वाइनस्टीनचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. 5 ऑक्टोबर 2017 रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ते प्रकरण छापले ते कित्येक महिने खपून: तक्रारदारांशी झालेल्या तडजोडींच्या नोंदी तपासल्या, स्वतःच्या नावानिशी बोलायला तयार असलेल्या स्त्रिया मिळवल्या. ‘मी टू’ची लाट त्यानंतरची आहे. शिवाय स्वतःचा अनुभव सांगणारी स्त्री आणि तिसऱ्याच माणसाबद्दलची ऐकीव गोष्ट पुढे ढकलणारा वाचक यांना मी एका मापाने मोजलेलेच नाही.

रोखठोक

ज्या बाईसाठी कोणतेही वर्तमानपत्र महिनोन्महिने खपणार नाही, तिने काय करायचे, याचे उत्तर यात नाही.

कडेलोट

दोघेही माणसांनाच धारेवर धरत आहात. सनसनाटी मजकूर वर आणून दाखवणाऱ्या कंपन्यांना कोणी विचारत नाही, हे नवलच आहे.

साशंक

कंपन्यांना जरूर विचारावे, पण एवढ्याने आपली सुटका होत नाही. ‘सायन्स’ नियतकालिकात 2018 मध्ये आलेल्या अभ्यासात ट्विटरवर 2006 ते 2017 या काळात पसरलेल्या सुमारे 1,26,000 बातम्या तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा 70 टक्क्यांनी अधिक आढळली आणि स्वयंचलित खाती वगळून पाहिले तरी हा निष्कर्ष बदलला नाही.

तरीही, तळटीप, खुलाशावर तुम्ही ठेवलेली भिस्त मला भाबडी वाटते. 29 जुलै 2024 रोजी इंग्लंडमधील साउथपोर्ट येथे लहान मुलींवर चाकूहल्ला झाल्यावर हल्लेखोराचे एक बनावट नाव पसरले आणि तो आश्रयासाठी आलेला परदेशी असल्याचे सांगितले गेले. ते नाव चुकीचे असल्याचे पोलिसांनी सांगूनही दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर जमाव चालून गेला. आरोपी अल्पवयीन असल्याने त्याचे खरे नाव सुरुवातीला गुप्त होते. न्यायाधीशांनी 1 ऑगस्टला ते प्रसिद्ध करण्यास परवानगी दिली; तो ब्रिटनमधल्याच कार्डिफमध्ये जन्मल्याचे तर पोलिसांनी आधीच सांगितले होते. त्यानंतरही 4 ऑगस्टला रॉदरहॅममध्ये आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला. ज्यांना राग काढायचाच होता, त्यांना खुलाशाने काय फरक पडला?

तळटीप

दगड हाती घेतलेल्या जमावाला खुलाशाने थांबवता येईल, असे मी म्हणत नाही. मला चिंता आहे ती दगड न उचलणाऱ्यांची, ज्यांच्या मनात ते नाव कायमचे बसते आणि पुढे तोच माणूस नोकरी मागायला आला की ‘याच्याबद्दल काहीतरी ऐकले होते’ म्हणून ज्यांचा हात आखडतो.

रोखठोक

मग तुमचा खुलासाही ते नाव ज्यांच्या कानी गेले नव्हते, त्यांच्यापर्यंत पोहोचवणार नाही का? ज्याच्यावर आळ आला, त्याला कदाचित पुन्हा चर्चाच नको असेल. तुम्ही स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी त्याला दुसऱ्यांदा चव्हाट्यावर आणणार.

तळटीप

हा आक्षेप रास्त आहे. खुलासा भिंतीवर डकवू नये, ज्यांना आपण आरोप धाडला होता त्यांनाच एकेकट्याने पाठवावा, आणि त्या माणसाशी संपर्क होत असेल तर त्याला आधी विचारावे, एवढी दुरुस्ती मी करतो. भागीदारीबद्दलचे मत मात्र बदलत नाही. मूळ मजकूर गुपचूप पुसून ‘मी कधी म्हणालो?’ असे विचारणाऱ्यांना तर मुळीच सूट देणार नाही.