ब्लँकमध्येच 11 तंतू: सरासरी वजा करून आकडे द्यायचे का?

प्रश्न

माशांच्या आतड्यांतून मायक्रोप्लास्टिक वेगळं करायचं काम आहे. 10% केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), 40 अंश सेल्सिअसला 48 तास, मग काचतंतूच्या फिल्टरवर गाळणी, आणि कण उचलून एफटीआयआर (अवरक्त वर्णपटावरून पॉलिमर ओळखणं). तीन ब्लँकमध्ये (नमुना न घालता केलेली तीच प्रक्रिया) 9, 11 आणि 13 तंतू आले. शिवाय प्रत्येकात पाच-सहा पारदर्शक कण, वर्णपटांची लायब्ररी त्यांना पॉलिएथिलीन म्हणते. नमुन्यांत तंतू 16 ते 24. कॉटनचे पांढरे कोट, नायट्राइल ग्लोव्हज, सगळं फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणारं कपाट). 11 वजा करून आकडे दिले तर चालेल?

उत्तर 1

नाही चालणार. सरासरी 11, प्रमाण विचलन 2. शोधमर्यादा म्हणजे सरासरी अधिक तीन विचलनं, ती झाली 17. मोजमापमर्यादा सरासरी अधिक दहा विचलनं, म्हणजे 31. तुमचा 16 वाला नमुना ब्लँकपेक्षा वेगळा आहे असंसुद्धा म्हणता येत नाही, आणि 24 वाल्यात 'काहीतरी आहे' एवढंच म्हणता येईल. त्यात तीन ब्लँकवरून काढलेलं विचलन फार डळमळीत. प्रत्येक बॅचला निदान तीन ब्लँक लावा. हिशोबही रंग, आकार आणि पॉलिमरनुसार वेगळा ठेवा. निळ्या पॉलिएस्टर तंतूच्या ब्लँकने लाल कणाचा हिशोब होत नाही.

पहिला संशय फ्यूम हूडवर. तो तुमचं रक्षण करतो, नमुन्याचं नाही. खोलीतली हवा समोरून आत ओढतो, म्हणजे खोलीभरचे तंतू तुमच्या उघड्या बीकरवरून जातात. गाळणी आणि कण उचलणं हेपा फिल्टरच्या लॅमिनार फ्लोमध्ये (बारीक गाळलेल्या हवेच्या सरळ झोतात) करा. त्यात बाहेर फेकली जाणारी हवा तुमच्या तोंडावर येत असेल, तर केओएच ओतणं मात्र हूडमध्येच, झाकण लावून.

उत्तर 2

ते 'पॉलिएथिलीन' आधी तपासा. ग्लोव्हज साच्यातून सुटावेत म्हणून त्यांवर स्टिअरेटचे क्षार असतात. त्यांची लांब कार्बन साखळी वर्णपटात 2915, 2848 आणि 1470 सेंमी⁻¹ च्या आसपास पॉलिएथिलीनसारखीच दिसते, त्यामुळे जुळणीचा टक्का छान येतो आणि माणूस फसतो. 1540 ते 1580 सेंमी⁻¹ दरम्यान ठळक पट्टा असेल तर तो कार्बोक्सिलेट, म्हणजे स्टिअरेट. शुद्ध पॉलिएथिलीनमध्ये तिथे काही नसतं. ग्लोव्हजचा तुकडा गाळलेल्या पाण्यात हलवा, ते पाणी गाळा, त्या अवशेषाचा वर्णपट लायब्ररीत घाला. केओएच हाताळताना ग्लोव्हज काढू नका. फिल्टरला मात्र फक्त स्टीलच्या चिमट्याने हात लावा.

प्रश्नकर्ता

पट्टा आहे, 1575 जवळ! तंतूंचा उगम कसा शोधू?

उत्तर 3

ब्लँकचे टप्पे पाडा. अ: कोरा फिल्टर, फक्त गाळणीयंत्रातून गाळलेलं पाणी. ब: अ अधिक केओएच. क: ब, पण 48 तास उबवून. ड: पूर्ण प्रक्रिया. आकडा जिथे उडी मारतो तिथे गळती. अ मध्येच तंतू आले तर फनेल किंवा पाणी. शुद्ध पाण्याच्या यंत्रातही प्लास्टिकचे नळ नि काडतुसं असतात. ते पाणी पुन्हा 0.7 मायक्रॉनच्या काचतंतू फिल्टरमधून काढा आणि काचेच्या बाटलीत ठेवा. दाबायची प्लास्टिकची वॉश बॉटल बाद करा.

केओएचही गाळा, पण काचतंतू फिल्टरवर तुंबवून ठेवू नका. तीव्र अल्कली काच खाते, आणि सुटलेले काचतंतू सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक तंतू म्हणून मोजले जातात. तापलेल्या सुईने टोचा: काच वितळत नाही. ज्या काचसामानावर माप कोरलेलं नाही ते 450 अंशाला 4 तास भाजून फॉइलने झाका. मोजमापाचे फ्लास्क भट्टीत घालू नका, आकारमान बिघडतं.

पांढरा कोट ही चूकच. भगवा किंवा गुलाबी रंगवलेला कॉटन कोट घाला, आपला तंतू लगेच ओळखू येतो. रंग नसेल तरी एफटीआयआरमध्ये 1000 ते 1100 दरम्यानचा सेल्युलोजचा रुंद पट्टा सांगेलच, फक्त वेळ जातो.

उत्तर 1

भर घालतो: काम चालू असेपर्यंत शेजारी उघड्या पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर ठेवा, नमुना जितका वेळ उघडा तितकाच वेळ. आणि एका कोऱ्या बीकरमध्ये मोजून 20 रंगीत कण टाकून परत मिळवा. ब्लँक स्वच्छ आणि परतीचे कण 12, असं झालं तर पुढे शोधायचं ते फनेलच्या काठावर.